एकाच हाताची नेक

"माह्या नवऱ्याले चोर म्हणलं बाई, भर गल्लीत."

जयवंता उभ्यानंच बोलली. नागपूरच्या नंदनवन भागात कांताबाई घोडमाऱ्यांच्या तपासकचेरीच्या दोन खोल्यांत बायका नवऱ्याची भानगड शोधून मागायला यायच्या. नवऱ्याची अब्रू शोधून मागणारी ही पहिलीच. कांताबाईंनी चष्मा पुसला. त्यांचे मदतनीस चंपतराव, एसटीतून निवृत्त झालेले, पाणी घेऊन आले.

लकडगंजात विश्वनाथ मागणीबरहुकूम इलेक्ट्रिक गिटार बनवायचा. जयवंताचा नवरा कवडू त्याच्या वडिलांच्या काळापासूनचा सुतार. वैभवी नावाच्या मुलीसाठी घडवलेली नेक, म्हणजे गिटारची लांब मान, आज सकाळी गायब होती. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच, मालकाकडे आणि कवडूकडे.

"सांजेपर्यंत आणून दे, नाही तर पोलीस, म्हणे."

मे महिना होता. जयवंतासोबत विश्वनाथच्या कारखान्यात शिरताच चंपतरावांचा सदरा पाठीला चिकटला.

"कूलर लावा ना गा, विश्वनाथभाऊ."

"मोटर जळाली आहे. आठ दिवस झाले."

"आणखी काय गेलं?" कांताबाईंनी विचारलं.

"नेकच फक्त."

कांताबाई भिंतीकडे पाहत होत्या. लाकूड आवळायचे शिकंजे ओळीनं टांगलेले. मधले दोन खिळे रिकामे. खालच्या फळीवर आबनुसाचा काळाभोर ठोकळा, सोन्याच्या तोलाचा, जागच्या जागी.

"वैभवीनं आफ्रिकेचं लाल पदौक लाकूड निवडलं," विश्वनाथ म्हणाला. "कवडू सागावर अडून बसला. ऐकलं नाही, म्हणून जिरवली माझी."

वैभवीच्या बँडमधला साहिल काल दुपारी येऊन गेला होता. त्यालाही बोलावलं.

"तिच्या गिटारीचा हेवा वाटला, खोटं काहून बोलू?" तो म्हणाला. "पण अपघातापासून वैभवीचा अंगठा वाकत नाही. तिच्या मुठीचा मातीचा साचा घेऊन नेक घासली, एक खांदा जाड, एक पातळ. आपल्या हाताले तर टोचतेच."

कोपऱ्यात उभा असलेला कवडू शेवटी बोलला, खाली मान घालून.

"काल सांजेले कूलरमधी पाणी भरलं, कुलूप लावलं, घरी गेलो. लाकूड मार्चमधी कोचीवरून आलं. म्या म्हणलं, त्याले एक उन्हाळा नागपूर पाहू द्या, मग घासा. मालक म्हणे, रविवारी पोरीचा कार्यक्रम हाय."

"किल्ली आहे, रागही आहे," चंपतराव कुजबुजले. "हाच."

"राग होता तर त्यानं आबनूस जाळला असता, चंपतराव." कांताबाई सगळ्यांकडे वळल्या. "एकाच हाताला बसणारी नेक चोर नेतो आणि आबनूस सोडतो? मग ती ना विकायला गेली, ना वाजवायला. कोणाच्या नजरेला पडू नये, म्हणून गेली. असं काय होतं तिच्यात? कवडूनं सांगितलंच. दमट किनाऱ्यावरचं लाकूड न मुरवता नागपूरच्या मे महिन्यात घासलं. ते वाकलं."

बाहेर आरागिरणी किंचाळत होती.

"वाकलेलं सरळ करायला लागतात शिकंजे. दोन. आणि ओलावा." त्यांनी कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर तळवा ठेवला. "आठ दिवस बंद, विश्वनाथभाऊ, आणि वाळा ओलाचिंब? जळक्या मोटरीला कवडूनं काल पाणी कशाला पाजलं असतं?"

त्यांनी कूलरची बाजू उघडली. आत, पाण्यात ठेवलेल्या विटांवर, फळीला आवळलेली लाल नेक होती.

विश्वनाथ स्टुलावर बसला. "अपघातानंतर ती पहिल्यांदाच स्टेजवर चढणार. शब्द दिला होता मी. सरळ झाली की 'सापडली' म्हणणार होतो."

"आणि तोवर कवडू चोर."



कवडूनं शिकंजे सोडले, एक डोळा मिटून नेकच्या कडेनं पाहिलं. "पीळ बसला. हे नाही होत आता." मग वर माळ्याकडे बघत म्हणाला, "दहा वर्षं मुरलेला साग हाय. पोरीच्या मुठीचा साचाबी हाय. आज बुधवार. बसतो आतापासून."

त्यानं रंध्याला हात घातला, तशी जयवंता आडवी आली.

"थांबा जी." मग ती मालकाकडे वळली. "चोर म्हणलं तवा सारी गल्ली ऐकून राहिली होती. माफीबी तितंच."

विश्वनाथनं दाराकडे पाहिलं. ऊन पांढरं झालं होतं. तो उठला आणि बाहेर गेला. पहिल्यांदा त्याचा आवाज आरागिरणीच्या गोंगाटात विरला. दुसऱ्यांदा तो ओरडून माफी मागू लागला.

कवडूनं कूलरचं बटण दाबलं. मोटर ठणठणीत होती. चंपतरावांनी लगेच वाऱ्याकडे तोंड केलं.

कवडूनं मात्र बटण पुन्हा बंद केलं. बाहेरचं त्याला नीट ऐकायचं होतं.