भिंतीला लावलेला कान

सासऱ्यांनी कान धुवून घेतला, कारण भिंतीपलीकडचं त्यांना नीट ऐकू येईना. ऐकू कमी यायला लागलं की माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात. आमच्या 'अँटेना'ची तक्रार वेगळी होती: आम्ही नवराबायको आमच्या खोलीत काय कुजबुजतो ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. जन्मभर दाराला कान लावायचा आणि ऐकलेलं तिखटमीठ लावून गावभर करायचं, हाच या गृहस्थांचा उद्योग. मला त्यांची किळस यायची, आणि ती मी फारशी लपवतही नसे.

साखर कायम चढलेली. मी फार्मासिस्ट; बजावून ठेवलं होतं, "बाबा, कानात पाणी घालू देऊ नका." पण समोरून सांगितलेलं ऐकतील तर ना! कुठल्याशा दवाखान्यात पिचकारी मारून आले. कान ठणकू लागला, पू आला, मग उजवा गाल ओघळून तोंड वाकडं झालं. संसर्ग कवटीच्या हाडात उतरला होता. हॉस्पिटलात ठेवलं, शिरेतून औषधं सुरू झाली. तो कान आता पार बहिरा, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

आम्ही वेगळं घर बघून ठेवलं होतं. नवऱ्याचं मात्र एकच पालुपद: "बाबांचं काय ते कळू दे, मग बघू." माझा सगळा संसार त्या सडक्या हाडावर अडला होता.

ते पलंगावर उजवीकडे कलून तोच बहिरा कान भिंतीला लावून बसू लागले. एका दुपारी म्हणाले, "सूज उतरतेय," मध्येच खोकले, "पण हाडाचं आत्ताच सांगता येणार नाही."

"तापात बरळताय," मी म्हटलं.

थोड्या वेळानं डॉक्टर आले आणि शब्दन् शब्द तेच बोलले. खोकलासुद्धा तिथेच.

पलीकडच्या खोलीत आधी बोलणं झालं असेल, म्हणून मी बघायला गेले. पलीकडे खोली नव्हतीच. तिसऱ्या मजल्यावरची उघडी हवा, आणि खाली पार्किंग.

मी त्यांच्या चांगल्या कानात कापूस कोंबला. तरी नर्सबाईंचं वाक्य त्या यायच्या आधी त्यांनी म्हणून दाखवलं.

मग मला हाव सुटली. कापूस काढला आणि खिजवत विचारलं, "बाबा, उद्याचं ऐका की. घरी काय बोलतायत? तुमचं आटोपलं का?"

ते ऐकत राहिले. बराच वेळ.

"सांगा ना. एरवी तर तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती. या माणसाला, माझी कीव!

"घर माणसांनी भरलंय," ते म्हणाले. "माझा मुलगा रडतोय."

मला आनंद झाला. लाजसुद्धा वाटली नाही.

"काय म्हणतोय?"

वाकड्या तोंडातून माझ्या नवऱ्याचा आवाज आला.

"किल्ली बघून हसली होती हो माझी बायको. हसतच गाडीत बसली."

दार उघडलं.

"तुला सांगितलं नव्हतं," नवरा म्हणाला. "घेऊन टाकलं घर. चल, बघून येऊ." त्याच्या बोटात नवी किल्ली लटकत होती.

सासऱ्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

किल्ली दिसताच मी हसले होते. ते हसू अजून माझ्या तोंडावरच होतं.