दोरीवरचे मास्क

या, बसा. तिकडे नको, त्या भिंतीला ओल आहे. हे स्टूल घ्या, माझ्या शेजारचं. चहा सांगितलाय, येईल इतक्यात. दुकानात कुणी बसायला आलं की मला बरं वाटतं. हल्ली तर फारच.

माझा धंदा रबराचा. गमबूट, हातमोजे, नळ्या, ताडपत्री. शाळा मला मानवली नाही, पण रबर चिमटीत धरून ताणलं की ते किती उन्हाळे काढेल ते मी सांगतो. एकदा एक लाकडी पायाचा गृहस्थ आला, म्हणाला, "मला डावाच बूट हवा." दिला. उरलेला उजवा वर्षभर फळीवर पडून होता. शेवटी त्यालाही मी पाय शोधून काढलाच. असा मी. अडलेला माल अंगावर ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालायचा ते बघायचं. याचं मला मोठं कौतुक होतं.

माझे जावई सैन्याच्या एका निराळ्या तुकडीत आहेत. कुठे विषारी वायू सुटला, रोगजंतूंची शंका आली, अणुभट्टीत काही बिघडलं, की आपण तिथून पळतो आणि ही माणसं आत जातात. डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख, तोंडावर रबरी मास्क, डोळ्यांच्या जागी दोन गोल काचा. जावईबापू त्यांच्यातले साहेब. हातमोजे माझ्याकडूनच जायचे, म्हणून माझं तिथे जाणं-येणं होतं.

तर, कीटकनाशकांच्या एका गोदामात गळती झाली. ही मंडळी गेली. त्यात एक जण दगावला, बाकीचे सुखरूप परतले, जावईबापूंची वरिष्ठांनी पाठ थोपटली. पण ते घरी आले नाहीत. एक आठवडा, दुसरा आठवडा... मुलगी भेटायला गेली तर फाटकाच्या पलीकडे लांब उभे राहिले, मास्क लावून. हात हलवला आणि आत निघून गेले. नातीने आईला विचारलं, "ते आपलेच बाबा होते का गं?"

मुलगी माझ्याकडे येऊन रडली. "बाबा, तुम्ही कुणालाही पटवता. त्यांना घरी घेऊन या. काहीही करा."

आणतो, असा मी तिला शब्द दिला. दुसऱ्या दिवशी हातमोज्यांचे गठ्ठे पोचवायचेच होते. भर दुपारी गेलो. ऊन असं की पत्रे तडतडत होते. पहारेकऱ्याने माल उतरवून घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब मागच्या शेडमध्ये आहेत. डबा दाराशी ठेवतो, रिकामा परत मिळतो. पण जेवताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही."

"तुम्ही आत का जात नाही?"

"मला नका विचारू, शेठ," तो म्हणाला आणि पावती न देताच निघून गेला.

ती शेड म्हणजे मास्क धुऊन वाळवायची जागा. आडवी दोरी बांधलेली, तिच्यावर मास्क ओळीने टांगलेले. समोरच्या भिंतीला हुक, हुकांना पोशाख. ओल्या रबराचा वास मला आईच्या पदरासारखा ओळखीचा, पण तिथे त्यात आणखी काहीतरी मिसळलं होतं. बंद खोलीत कुणी खूप वेळ श्वास घेत बसलं असावं, तसं.

जावईबापू भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. मास्क लावलेला.

"दोरीवरचा एक घाला, बाबा. इथे उघड्या तोंडाने बसायचं नाही."

"अहो, इथे कुठला आलाय वायू?"

"घाला."

टोकाचा घेतला. पट्टे आवळावे लागले नाहीत, माझ्याच तोंडाच्या मापाचे होते. आणि कोमट. उन्हाने तापले असतील, असं मी स्वतःला समजावलं. पण शेडमध्ये ऊन येत नव्हतं. त्यांच्या शेजारचं दुसरं स्टूल ओढून बसलो.

मास्क घातला की स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो. आत ओढताना सूं, सोडताना झडप वाजते, टक्. माझी टक्, त्यांची टक्.

"मुलगी वाट बघतेय," मी म्हणालो. "नात तर..."

"आमच्याकडे एक रीत आहे, बाबा," ते मध्येच म्हणाले. मास्कमधून आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. "हवा शुद्ध झाली की नाही हे कधी कधी यंत्रालाही सांगता येत नाही. मग एकाने मास्क काढायचा. सावलीत बसून श्वास घ्यायचा. बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. बाहुल्या बारीक झाल्या तर... हवा वाईट. कुणी काढायचा ते साहेबाने बोट दाखवून ठरवायचं."

"बरं मग?"

"त्या दिवशी आमचं यंत्र बिघडलं. मी बोट दाखवलं. रेडिओकडे."

रेडिओ मला माहीत होता. सतत बोलायचा म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. मलाही चिडवायचा, "शेठ, मोज्यात बोटं पाच आहेत ना, मोजून दिलीत ना?"

"तो नवा होता का? की अनुभवी? काही कारण असेलच की," मी म्हणालो. गिऱ्हाइकाला वाट काढून द्यायची सवय.

"सकाळी सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, साहेबांना मोजेही सासऱ्याचे आणि अक्कलही सासऱ्याचीच. सगळे हसले. मीही हसलो. पण बोट उचललं तेव्हा... तेच आठवत होतं. बाबा, मी हवेचा विचारच केला नाही."

मी माझ्या मास्कचा पट्टा उगाच चाचपला.

"त्याने मास्क काढला. माझ्याकडे बघून डोळा मारला. मी त्या डोळ्यातली बाहुली बारीक होताना बघितली. सगळे म्हणतात साहेबांनी तुकडी वाचवली. ते ऐकवत नाही हो मला. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून हे तोंड झाकून बसलोय. आणि आता पाळी त्याची आहे."

"कुणाची?"

त्यांनी समोर मान हलवली. एका हुकाला पूर्ण पोशाख टांगलेला होता, मास्कसकट, मोज्यांसकट. "त्याचा पोशाख आम्ही जाळला. तरी तो हुक रिकामा राहत नाही. आता त्याने बोट दाखवायचं. त्याने दाखवलं की मी काढीन. दाखवतच नाही... नुसता बघत बसतो."

माणसाला भ्रम झालाय, मी मनात म्हटलं. गोड बोलून उठवावं. आणि तोंड उघडणार तेवढ्यात ऐकलं. माझी टक्. त्यांची टक्. आणि त्यानंतर, जरा सावकाश, समोरून... टक्.

मी श्वास रोखून धरला. तरी दोन आवाज येत राहिले.

टांगलेल्या मास्कच्या काचा आतून धुरकट झाल्या. निवळल्या. पुन्हा धुरकट झाल्या. आपण आरशावर वाफ सोडतो ना, तसं.

"बाबा... हलू नका."

त्या पोशाखाचा उजवा हातमोजा माझ्याच दुकानातला. हाताशिवाय रबर ताठ राहत नाही हो, लोंबतं. माझा जन्म गेलाय त्यात. पण तो वर येत होता. चार बोटं लोंबलेली, एकच सरळ. वर आला आणि आम्हा दोघांच्या बरोबर मध्ये थांबला.

मध्ये. हे नीट लक्षात घ्या. ते बोट अजून कुणाकडेच नव्हतं.

त्याने काय ठरवलं असतं, मला माहीत नाही. कदाचित दोघांनाही सोडलं असतं. पण त्यानंतर ते बोट इंचभर माझ्याकडे कललं. निदान मला तसं वाटलं. आणि मी, मुलीला शब्द देऊन आलेला बाप, मी स्टूल मागे सरकवलं. हळूच. जावईबापूंच्या आड होईपर्यंत.

फरशीवर स्टुलाचे पाय करकरले. केवढा आवाज झाला तो.

जावईबापूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. काचेमागचे त्यांचे डोळे मला दिसले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्या घाबरलेल्या पोराच्या ठेवावा तसा, आणि म्हणाले, "असू द्या, बाबा. कुणीतरी ठरवायलाच हवं होतं."

आणि त्यांनी मास्क काढला.

काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. चेहऱ्यावर रबराचे लाल वळ, वाढलेली दाढी, बस्स. हुकाला एक रिकामा पोशाख लोंबत होता. संध्याकाळी आम्ही दोघे घरी आलो. नात त्यांच्या गळ्यात पडली. मुलगी डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटली, "माझे बाबा होते म्हणून!" शेजारचेही येऊन माझं कौतुक करून गेले. मी मान खाली घालून जेवत होतो. पाणी घ्यायला मी जरा मागे सरकलो, खुर्ची करकरली आणि जावईबापूंचा घास हातातच राहिला. पुन्हा जेवू लागले. त्या स्टुलाबद्दल बोलले काहीच नाहीत. आजवर नाहीत. जेवताना मात्र मध्येच माझ्या डोळ्यांकडे बघत राहतात, बाहुलीकडे बघावं तसे.

आता ते ठणठणीत आहेत, कामावर जातात. त्यांची पाळी झाली ना.

तुमच्या मागे खिळ्याला ते मोजे टांगलेत, नमुन्याचे. वळून बघू नका हो, काही विशेष नाही. सोमवारपर्यंत सगळी बोटं लोंबत होती...

आला बघा चहा. घ्या, गरम आहे तोवर. आणि स्टूल जरा इकडे घ्या, माझ्या पुढ्यात. अजून थोडं. हां... बस. असेच बसा.