माझ्या वाटचं मीठ

या, बसा. नाही, खुर्ची माझी आहे, तुम्ही स्टुलावर बसा. पाय फळीवर ठेवा, मिठावर नको. सांडलंत ना थोडं? असू दे. कंदील जरा अलीकडे घ्या. इथे विजेचा दिवा होता, पण खाऱ्या हवेने तारा खाल्ल्या आणि वायरमन म्हणाला, साहेब, परत मला या घरी बोलावू नका. दार मी लावून घेतो. बाहेर दुपारचे बारा वाजलेत ते विसरा, इथे आत कायम दिवेलागणच असते.

तुम्ही पुण्याहून बदलून आलात, मद्रासची हवा मानवली नाही, दम्याने उचल खाल्ली. मग कुणीतरी सांगितलं की तिरुवल्लिकेणीत राघोत्तमराव म्हणून एक म्हातारा आहे, त्याने घरात मिठाची खोली केली आहे, तिथे बसलं की छाती मोकळी होते. बरोबर? होते मोकळी, खोटं नाही. तुम्हाला बसू द्यायलाही माझी हरकत नाही. पण मी छत्तीस वर्षं कचेरीत हेडक्लार्क होतो. कागद पूर्ण वाचल्याशिवाय मी कुणाला सही करू दिली नाही. तेव्हा आधी ऐका. आमचं तंजावरी मराठी ऐकून तुम्हा लोकांना हसू येतं, म्हणून पुस्तकातल्यासारखं बोलतो. हसायचंच असेल तर शेवटी हसा.

माझी बायको कामाक्षी. पाच वर्षांपूर्वी, सत्तावन्न साली गेली. तीन दिवसांचा ताप, बस. ही तिचीच कोठीची खोली.

मला जेवताना वरून मीठ लागायचं. पानाच्या कोपऱ्यातलं उचलायचं आणि दहीभातावर उंचावरून सोडायचं ही माझी खोड. निम्मं भातावर, निम्मं जमिनीवर. ती रोज म्हणायची, "मीठ सांडू नये. मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं." तुमच्याकडेही म्हणत असतील. एक दिवस मी वैतागून म्हणालो, "तुझ्या पापण्या चांगल्या लांब आहेत. माझ्या वाटचंही तूच वेच."

आता कुठलीही दुसरी बाई हसली असती. आमच्या कामाक्षीला थट्टा दोनदा समजावून सांगावी लागे. ती पळी हातात धरून विचार करत उभी राहिली आणि म्हणाली, "बरं, वेचीन. पण चिमूटभरच सांडा हो. गोणीभर सांडायचं झालं तर आधी मला विचारा." मी मान हलवली आणि ताक मागितलं.

ती गेल्यावर दमा आला. एकसष्टच्या पावसाळ्यात असा बळावला की मी रात्र रात्र उशीवर कपाळ टेकून बसलेलो. डाक्टर राजगोपाल माझा शाळेपासूनचा मित्र, तो गोड बोलत नाही. म्हणाला, "राघोत्तम, येती मार्गळी काढशील. पुढची सांगवत नाही." मार्गळी म्हणजे आमच्याकडचा धुक्याचा महिना, तुमचा मार्गशीर्ष-पौष. मी घाबरलो. सरळ सांगतो, मला मरायचं नव्हतं. माझी थोरली बहीण गोदाक्का माझ्या आधाराला राहिली होती आणि तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्याच सुमाराला एका इंग्रजी मासिकात वाचलं की युरोपात कुठेतरी मिठाच्या खाणीत दमेकऱ्यांना नेऊन बसवतात आणि ते बरे होतात. म्हटलं, आपल्याकडे खाण नाही, पण इथे जवळच कोवळमला मिठागरं आहेत. नारायणस्वामी गाडीवाल्याला सांगितलं आणि अठरा गोणी खडेमीठ दारात आलं. शेजाऱ्यांना वाटलं राघोत्तमरावांनी लोणच्याचा कारखाना काढला.

मी सगळं पद्धतशीर केलं. खिडक्या बंद, फटींत जुनी वर्तमानपत्रं. भिंतींना मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं गोणपाट. जमिनीवर वीतभर जाडीचा मिठाचा थर आणि वर चालायला फळ्या, कारण मिठावर पाय द्यायला गोदाक्का जीव गेला तरी तयार झाली नसती. तिसऱ्या दिवशी सगळं मीठ पाझरायला लागलं. मद्रासची हवा ती, तिला मिठाचं काय कौतुक? मग कोळशाची शेगडी आणून रोज सकाळी खोली शेकायची. गोदाक्का दारातून बघायची. "कसाला रे हे राघू?" कसाला म्हणजे कशाला. "खोलीला घाम सुटतो, तुला धाप लागते. छान जोडी जमली."

पण आठव्या दिवशी मी आडवा झोपलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा. सकाळी उठून मी लहान मुलासारखा रडलो, आणि गोदाक्काने कापीचा पेला देताना तोंड दुसरीकडे केलं.

नवव्या दिवशी दुपारी इथेच, याच खुर्चीत बसलो होतो. कंदील बारीक केलेला. शेगडी विझलेली. बाहेरून देवळाकडच्या गल्लीचा आवाज येत होता, तोही हळूहळू बसत गेला आणि मग काहीच ऐकू येईना. नुसता माझा श्वास. आणि मग...

टिक्.

एखादा खडा चिनीमातीवर पडावा तसं. मी म्हटलं, उंदीर. थोड्या वेळाने पुन्हा टिक्. मग पुन्हा. घाई नाही, थांबणं नाही. त्या कोपऱ्यातल्या फळीवर ती बरणी दिसते का? कामाक्षीची मिठाची बरणी. ती गेल्यापासून रिकामी होती. मी कंदील घेऊन आत डोकावलो तर तळाशी दोन बोटं मीठ. एकेक खडा वेगळा, स्वच्छ, आणि ओला. वास आला दवण्याचा. ती दर शुक्रवारी केसांत दवणा माळायची. बरणीखालच्या मिठात दोन खळगे पडले होते, गुडघे टेकून कुणी बसावं तसे.

मी घाबरलो, पण डोकं चालू होतं. छत्तीस वर्षांची सवय. मी घसा खाकरला आणि हळूच म्हणालो, "कामाक्षी... एक ऐक. हे सांडलेलं नाही. हे पसरलेलं आहे. सांडणं वेगळं, पसरणं वेगळं..."

टिक् थांबलं. ती विचार करत असावी. तिने पळी कुठे धरली असेल, तेही मी अंदाजाने बघितलं. मग त्या कोपऱ्यातून पुन्हा, पहिल्यापेक्षा जरा जोरात, टिक्.

माझं म्हणणं नामंजूर झालं होतं.

आता माझी अवस्था बघा. अठरा गोणी. मी तिला विचारलं नव्हतं. आणि ती शब्दाची इतकी पक्की की शेवटचा खडा वेचेपर्यंत उठायची नाही. जिवंतपणी माझ्यामागे चोवीस वर्षं झाडत फिरली, आणि मेल्यावरही गुडघ्यांवर बसवली मी तिला. मला लाज वाटली. भीती कमी, लाज जास्त.

मी नारायणस्वामीला बोलावलं आणि म्हटलं, गाडी आण, सगळं परत ने. त्याने मला आपादमस्तक बघितलं, पण नेलं. खोली मोकळी झाली. चौथ्या दिवशी पहाटे माझा श्वास अडला. राजगोपाल धोतरावरच धावत आला, सुई दिली, आणि गोदाक्काला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. मी तिला सगळं खरं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती बराच वेळ माझी छाती चोळत बसली.

"ती कामात असली की तिचा त्रास नसायचा," ती म्हणाली. "करू दे तिला. मीठ परत आण."

"अक्का, अगं पापण्यांनी..."

"ती गेली. आता तूही जाशील, मग मी कुणाला कापी देऊ?"

असं म्हणून ती रडली. मी तिला रडताना त्याआधी एकदाच बघितलं होतं. संध्याकाळपर्यंत अठरा गोणी पुन्हा खोलीत.

पण मला चैन पडेना. श्वास माझा आणि कष्ट तिचे, हे कुठल्या नियमात बसतं? म्हणून एका दुपारी मी सदरा काढला, पालथा झोपलो, आणि माझ्या वाटचं वेचायला लागलो. हसू नका. पापणी आधी पाण्याने ओली करायची, डोळा मिटत मिटत खड्यावर टेकवायची, खडा चिकटला की श्वास रोखून मान उचलायची आणि लोट्यात सोडायचा. पहिल्या दिवशी सात खडे. डोळे दिवसभर झोंबत होते. तेवढ्यात गोदाक्काने दार उघडलं. मी नाक मिठात खुपसून, धोतर सावरत पडलेलो. ती म्हणाली, "दम्याचा डाक्टर पुरायचा नाही आता." आणि दार लावून घेतलं.

ती गेल्यावर त्या कोपऱ्यातून एक आवाज आला. टिक् नव्हे. दाबून धरलेलं हसू. चोवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कामाक्षीला थट्टा न समजावता कळली होती.

तेव्हापासून रोज बारा ते एक आम्ही दोघं. ती तिकडे, मी इकडे. बोलणं नाही. तसं आमचं आधीही फार बोलणं नव्हतं. पण मला आता ती वेळ कधी येते असं होतं. माझी मार्गळी निघाली, ही दुसरी चालू आहे. राजगोपाल छातीला नळी लावतो आणि डोकं खाजवत निघून जातो.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नव्हती. महिना-दीड महिना खपून मी भिंतीकडची एक फरशी मोकळी केली, अगदी खाली दगड दिसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिच्यावर पुन्हा मीठ. पुन्हा वेचलं, पुन्हा तेच. मला वाटलं, माझं काम तिला पसंत नसणार. मी घडी केलेली धोतरं ती पुन्हा उलगडून घडी करायची, तसंच. राग आला मला. गोदाक्काजवळ तक्रार केली तर ती तांदूळ निवडत म्हणाली, "तुझ्या वाटचं सगळं वेचून झालं की मग वर बोलावणार तुला. कळत नाही का? तिला घाई नाही."

त्यानंतर मी तक्रार केली नाही. फरशी मोकळी करतो, ती पुन्हा भरते. तुम्ही यायच्या आधी, अकरा वाजता, मी त्या तुमच्या डावीकडच्या फरशीवरचे शेवटचे खडे वेचले आणि कुलूप लावलं. किल्ली ही बघा, जानव्याला बांधलेली असते. आता कंदील धरा आणि बघा फरशी दिसते का.

नाही ना दिसत?

घाबरू नका, ते माझं प्रकरण आहे. ऐकलंत? टिक्. ती आमची कामाक्षी, बरणीजवळ. बाराचा ठोका पडला की सुरू होते, कचेरीत सुद्धा इतकं वेळेवर कुणी नव्हतं.

आता एक विचारतो, रागावू नका. तुम्ही स्टुलावर बसताना पायाने थोडं मीठ फळीबाहेर सांडलंत. तेव्हापासून मला दुसरं टिक् ऐकू येतंय. बरणीकडून नाही... जरा पाय वर घ्या. तुमच्या स्टुलाखालून.

तुमच्या घरातलं कोण गेलंय? आणि त्यांना तुम्ही कधी, जेवताना, थट्टेत... तू वेच म्हणाला होतात का?