सातव्या कप्प्याचं झाकण

एर्गाश त्या रात्री एका आरशासाठी विमानाच्या पंखात शिरला होता. दांड्याला बसवलेला, घड्याळाच्या तबकडीएवढा गोल आरसा. आडकोपऱ्यातले बोल्ट बघायला लागतो तो. तो आत राहिला असं त्याला वाटलं, तो आणायचा, काम एवढंच.

त्या रात्रीची तारीख सांगतो, कारण तारखा मी चुकत नाही. बाकी पुष्कळ चुकतो. १४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं.

“दोमला, आधीच सांगा,” माझ्याकडे चहाला आलेला अब्रोर म्हणाला. दोमला म्हणजे गुरुजी; कारखान्यातली पोरं मला तेच म्हणतात. “भूत आहे की नाही? नसेल तर मी निघतो. मॅच आहे.”

“गप बस रे,” त्याची बहीण नोदिरा म्हणाली. “उद्या सातव्या कप्प्यात मी शिरणार आहे, तू नाही. तुझे खांदे झाकणातच अडकायचे.”

“खांदे नव्हेत ते, आईचा पलाव आहे.”

दोघं हसली. मी त्यांच्या वाट्यांत चहा ओतला. अर्धीच वाटी भरली. आमच्याकडे वाटी काठोकाठ भरली, तर पाहुण्याला ‘उठा आता’ म्हटल्यासारखं होतं. आणि मला त्यांनी उठायला नको होतं. भूत आहे की नाही, ते मला ठरवता आलेलं नाही. एर्गाशने मला जे सांगितलं ते सांगतो. मी पाहिलं ते शेवटी.

विमान तुम्ही पाहिलंच आहे. ताश्कंदमध्ये जन्म गेलेल्या आम्हा लोकांसाठी ते ‘बोबो’. आजोबा. रेल्वेच्या बोगद्यातून जाणार नाही असं सामान न्यायचं होतं, रणगाडे, रॉकेटचे भाग, म्हणून ते जन्माला आलं. चार इंजिनं, प्रत्येकावर दोन-दोन पंखे, एकामागे एक, उलट्या दिशांनी फिरणारे. शेतातसुद्धा उतरता यावं म्हणून पोटाखाली चाकांची रांग. पोटात सगळं सामान, त्यामुळे इंधन पंखात. पंख आतून कप्प्याकप्प्यांचा, प्रत्येक कप्प्याला खालून दोन झाकणं. एकातून शिरा, दुसऱ्यातून निघा.

फक्त सातव्याला एकच.

ते माझं काम. भोक पाडलं की त्याच्या कडेला जाड पत्रा द्यावा लागतो, वजन वाढतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो, नुकती डॉक्टरेट मिळालेली. मी गणित मांडून दाखवलं, की सातव्याचं एक झाकण काढलं तर एका पंखामागे एकोणीस किलो वाचतात. शाबासकी मिळाली. आत शिरलेल्या माणसाला वळायला जागा नाही, त्याला उलटं सरपटत यावं लागेल, हे माझ्या गणितात नव्हतं. माणूस माझ्या गणितात कुठेच नव्हता.

म्हणून बिल्ल्याची रीत. आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला झाकणाशेजारच्या हुकावर टांगायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. हुकावर बिल्ला असेतो झाकण लावायचं नाही. बापाने सांगितलं तरी नाही.

एर्गाशने आपला बिल्ला टांगला. सत्त्याहत्तर नंबर. त्याचा जोडीदार तोलिब खाली उभा होता.

“एर्गाश-अका, मी जातो हवं तर दादा,” तोलिब म्हणाला.

“तू? तू शिरलास तर बाटलीला बूच बसल्यासारखं होईल. सकाळी कापून काढावं लागेल तुला. कॉम्प्रेसरकडे बघ जा.”

आणि तो हात पुढे करून आत सरकला.

आरसा आत नव्हता. हत्यारांच्या ट्रेमध्येच होता, फडक्याखाली. पण ते एर्गाशला कसं कळणार? तो शेवटपर्यंत गेला. बंद भिंतीपर्यंत. सांध्यांवर नवं लुकण भरलेलं, त्याचा वास नाकात चढणारा. परत फिरायला त्याने अंग मागे ढकललं. जाकीट कशात तरी अडकलं. त्याने हात खाली घेतले, छातीशी, बटण काढायला. आणि हात तिथेच राहिले. अंगाखाली.

“भीती नाही वाटली तेव्हा,” तो मला म्हणाला. “रागच आला. जाकिटाचा.”

मग कपाळावरचा दिवा गेला.

मग मागे, पायांच्या बाजूला, आवाज. लोखंडावर लोखंड. ओळखीचा.

झाकण बसत होतं.

एक बोल्ट. दुसरा. तिसरा.

ओरडायला छाती भरून श्वास लागतो. छाती फुगायला जागा लागते. तोंडातून नुसती फुंकर निघाली... बाहेर कॉम्प्रेसर धडधडत होता.

अठ्ठेचाळीस बोल्ट आहेत त्या झाकणाला. त्याने सगळे मोजले.

मग कॉम्प्रेसर बंद पडला. शांतता.

आणि त्याच्या डोक्यापुढे, बंद भिंतीच्या बाजूने...

ठक. ठक. ठक.

नोदिराने वाटी खाली ठेवली. तिला ही भाषा ठाऊक आहे. रिव्हेट मारताना एक जण बाहेरून हातोडा चालवतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा टेकवून धरतो. बोलून ऐकू येत नाही, म्हणून ठोके. एक : अजून मार. दोन : बसला. तीन : थांब, मी बाहेर येतेय.

“येतेय नव्हे, येतोय,” अब्रोर म्हणाला.

“नाही,” मी म्हणालो. “पूर्वी आत बायकाच असायच्या. लहान चणीच्या.”



रात्री अकरा पंचवीसला माझा फोन वाजला. तोलिब. निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली होती, तरी पंखाचं काही अडलं की पोरं मलाच विचारायची.

“दोमला, माफ करा. झोपला होतात?”

“नाही. बोल.”

“सातवा बंद केला. सकाळी दाबाची चाचणी आहे. आतून ठोके येताहेत. तीन... मग थांबतात... मग तीन. थंडीने पत्रा आवळत असेल ना?”

“एर्गाश कुठे आहे?”

“घरी गेला असेल. हुकावर बिल्ला नाही. आरसाही ट्रेमध्ये आहे. त्याचा फोन लागत नाही, पण तो लॉकरमध्येच विसरतो नेहमी. दोमला, पत्राच ना?”

 हाच प्रश्न मला आधी एकदा विचारला होता. याच शब्दांत.

३० डिसेंबर १९७४. वर्षअखेर, योजना पुरी करायची घाई, सगळी पाळी धावतेय. सओदत नावाची मुलगी सातव्यात होती. तिची मैत्रीण तुर्सुनोय तिथून चालली होती. तिने हुकावर बिल्ला पाहिला आणि तिला वाटलं, सओदत तान्ह्याला पाजायला लवकर घरी पळाली, घाईत बिल्ला विसरली. सुटताना फाटकावरच्या पेटीत बिल्ला पडला नाही तर गैरहजेरी लागते. अशा वेळी आम्ही एकमेकांना सांभाळून घेतो. तिथे कोणीही हेच केलं असतं. तुर्सुनोयने बिल्ला काढला आणि आपल्याबरोबर फाटकावर टाकला. मायेपोटी.

मागून झाकण लावणारे आले. हुक रिकामा.

मध्यरात्री रात्रपाळीच्या फोरमनने मला घरी फोन केला. “डॉक्टरसाहेब, सातव्यातून ठोके येताहेत. थंडीने पत्रा आवळत असेल ना?”

मी अंथरुणात होतो. बाहेर उणे नऊ. मी म्हणालो, “हो. आवळतो. चार वाजेपर्यंत थांबेल.”

चार वाजता थांबलं.

चौकशीत माझं नाव आलं नाही. सओदत गेल्याला चाळीस दिवस झाले तेव्हा तुर्सुनोय माझ्याकडे आली, फाटकावरून परत घेतलेला तिचा बिल्ला टेबलावर ठेवून गेली. तीनशे अठरा. तो मी टेबलाच्या या खणात ठेवला. कुलूप लावलं. किल्ली गळ्यात घातली. बायकोलाही सांगितलं नाही.

“दोमला?” तोलिब फोनवर म्हणत होता. “ऐकताय ना? उघडलं तर चाचणी चुकेल. नवं लुकण फुकट जाईल. साहेब मला सोलून काढेल. पत्राच आहे ना?”

मला खरंच माहीत नव्हतं. पत्रा आवळतो. हे खोटं नाही. तीन-तीनच्या लयीतही आवळू शकतो, अशक्य नाही... शास्त्र माझ्या बाजूला होतं. तेव्हाही होतं.

“उघड,” मी म्हणालो.

“पण बिल्ला...”

“उघड, तोलिब. मी सांगितलं म्हण. फोन चालू ठेव.”

अठ्ठेचाळीस बोल्ट. मी फोनवर एकेक ऐकला. सोळा मिनिटं लागली. मधे ठोके थांबले. तेव्हा मी... ते जाऊ दे.

मग तोलिबची किंकाळी. “पाय आहेत! अका! अका, हलवा की पाय!”

हलले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. एर्गाशचे ओठ निळे होते, पण थट्टा शाबूत होती. “दोमला, तुमच्या एकोणीस किलोंना माझा सलाम सांगा.”

मी विचारलं, “ठोके कसे मारलेस? हात तर खाली अडकले होते.”

त्याने पांघरुणातून दोन्ही हात काढून पाहिले.

“मी नाही मारले,” तो म्हणाला. “मी मोजत होतो. मला वाटलं, बाहेरून तुम्ही लोक मारताय.”

“आणि बिल्ला?”

“टांगला होता. आईची शपथ.”

बिल्ला सगळीकडे शोधला. हँगरमध्ये, फाटकावर, तोलिबच्या खिशांतसुद्धा. बिचारा रडला. मिळाला नाही.

मी घरी आलो. का कोण जाणे, पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा हा खण उघडला.

“हाच?” नोदिराने विचारलं.

हाच. कुलूप शाबूत होतं. किल्ली गळ्यात. आत तीनशे अठरा नव्हता.

त्याच्या जागी हा होता. बघ. सत्त्याहत्तर. एर्गाशचा.

मी तो परत द्यायला गेलो. एर्गाशने दार अर्धंच उघडलं. बिल्ल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “तुमच्याकडे होय?” एवढंच म्हणाला, बिल्ला घेतला नाही. त्यानंतर तो माझ्याकडे चहाला आलेला नाही. त्याला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. हुकावरून बिल्ला कोणी काढला, याचं उत्तर सओदतने माझ्या खणात ठेवलं. ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

अब्रोरचा फोन वाजत होता. त्याने तो पालथा ठेवला.

उद्या तू आत जाशील, नोदिरा, तेव्हा बाहेर अब्रोरला उभा कर. त्याने हुकाकडे बघू नये. झाकणावर तीनदा ठोकावं आणि ऐकावं. पत्रा वाटला तरी उघडावं.

आणि हे एक. बिल्ल्याच्या कडेला लुकण लागलंय, दिसतं? त्यात अंगठा उमटलाय. लहानसा, बाईचा. हे लुकण दोन दिवसांत दगडासारखं होतं, तुला माहीतच आहे. याला पाच वर्षं झाली.

हात लाव... लाव, घाबरू नकोस.

अजून ओलं आहे.