चार वाजताची शेगडी

माळनगरच्या संगणक कक्षात छावणीची प्रतिनिधी शाहीन मुलाणीने घरवाटपाची कच्ची यादी उघडली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. समुद्राने गिळलेल्या गावांतली तीनशे कुटुंबं वर्षभर छावणीत सरमिसळ राहिली होती. पक्की घरं देताना मात्र वाटपयंत्राने मुसलमानांना पूर्वेला, जैनांना टेकडीवर आणि ख्रिस्ती मंडळींना तलावाकाठी नेऊन बसवलं होतं.

"यंत्राला धर्म कुणी सांगितला?"

"कुणीच नाही. नावंसुद्धा झाकलीत," प्रमुख अभियंता नाडगौडा म्हणाले. "त्याला एवढंच सांगितलंय, शेजाऱ्यांच्या तक्रारी कमीत कमी व्हाव्यात. ते विजेच्या नोंदी वाचतं. गेल्या रमजानात कुणाची शेगडी पहाटे चारला पेटली, दिवस मावळल्यावर कुणाची पेटतच नाही. सारख्या सवयींची माणसं ते एकत्र ठेवतं."

"वीज झाका मग."

"ते पाणी वाचेल. डोळे बांधले तरी कान उघडेच."

"आणि सवयींत फरकच दिसला नाही तर?"

"तर कायद्याप्रमाणे चिठ्ठ्या. अंतिम यादी येत्या पंचवीस दिवसांच्या नोंदींवर ठरेल."

उद्यापासून रमजान लागणार होता.

छावणीतल्या शेजारच्या पद्मावतीकाकू शाहीनच्या अंथरुणाला खिळलेल्या आईला रोज दुपारी पेज भरवत. ऐकून त्या भडकल्याच. "म्हंजे मी टेकडीवर? मग हिला कोण बघणार? आमच्या चुलीची चहाडी करतंय व्हय ते यंत्र? मला प्यायचं पाणी उकळायचंच असतंय. उद्यापासनं चारला उकळीन!"

काकूंनी छावणी पिंजून काढली, घराघराला पटवलं. पहाटे चारला तीनशे शेगड्या पेटू लागल्या. शाहीन आणि तिच्या मोहल्ल्याने इफ्तारचं सगळं उजेडातच रांधलं, मावळतीनंतर शेगडीला हात लावला नाही. रविवारी प्रार्थनेच्या वेळी झाडून सगळ्यांच्या शेगड्या गप्प.

पंचविसाव्या दिवशी पडद्यावर अक्षरं उमटली: भेद आढळत नाही.

चिठ्ठ्या पडल्या. शाहीनला तलावाकाठचं घर आलं. काकूंना टेकडीवरचं, पायी पाऊण तासावर.

"एक अदलाबदल करून टाकू," नाडगौडा हळूच म्हणाले. "कुणाला कळणार नाही."

"मला कळेल, सर. एक चिठ्ठी हलली की बाकीच्या खोट्या."

तिने यादीवर सही केली आणि बाहेर येऊन पोटभर रडली.

नव्या घरात गेली तेव्हा दोन रोजे उरले होते. पहाटे चारला तिने शेगडी पेटवली. आई आत कण्हत होती. दुपारी तिच्यापाशी कोण बसेल, हा घोर काही सुटत नव्हता. तेवढ्यात समोरच्या खिडकीत दिवा लागला आणि एक अनोळखी बाई दार उघडून अंगणात आली.

"मी फिलोमिना डाबरे. यादी लागली, आता उठायची गरज नाही, पण मेली सवय! चारला डोळा उघडतोच." कण्हणं ऐकून ती थबकली. "आजारी आहे का कोणी? दुपारी मी घरीच असते."