मागाआडचा हात

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. पटलं तर घ्या.

माझा चुलतभाऊ आकाराम इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होता. गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. सोमवार. भर दुपार.

मागाच्या कारखान्यात बोललेलं ऐकू येत नाही. चाळीस माग एकदम खडखडतात. म्हणून सगळे हातांनी बोलतात. धागा तुटला, की कात्रीसारखी दोन बोटं. चहा, की तोंडाशी अंगठा. आकारामला ही भाषा नागाप्पांनी शिकवली. गडहिंग्लजकडचे म्हातारे कामगार. मागांच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. घरीसुद्धा ते हातांनीच बोलत.

नागाप्पा श्रावणातच वारले होते.

त्या सोमवारी साडेबाराला वीज गेली. संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. कामगार घरी निघाले. आकाराम मागच्या रांगेत मागाखाली शिरून नट आवळत होता. त्याच्या जोडीदाराला, ज्ञानूला वाटलं, हा पुढं गेला.

शटर खाली आलं. बाहेरून कुलूप पडलं.

"ए ज्ञान्या! मी आत हाय की!"

कुणी ऐकलं नाही. मोबाइल डब्याच्या पिशवीत, आणि पिशवी बाहेर पडवीत खुंटीला. छपरातल्या एका प्लॅस्टिकच्या पत्र्यातून मळकट उजेड येत होता, तेवढाच.

शटर बडवून बडवून तो दमला. शटरकडं पाठ करून उभा राहिला.

बारा वर्षांत इथं इतकी शांतता त्यानं ऐकली नव्हती.

खट्...

शेवटच्या रांगेतला एक माग एकदाच वाजला. वीज नसताना.

"कोण हाय तिकडं?"



मग त्या मागाच्या वर... एक हात उठला. कोपरापर्यंतच.

तळवा वर, बोटं पसरलेली, मनगटाला हलका झटका. असा झटका देऊन विचारणारा एकच माणूस आकारामला ठाऊक होता.

किती जण?

सवयीनं आकारामचा हात वर गेला. एक बोट.

तो हात डावीउजवीकडं हलला. नाही.

मग त्यानं दोन बोटं दाखवली.

आणि त्यातलं एक सावकाश... आकारामच्या पाठीमागं रोखलं गेलं.

मागं तर फक्त शटर होतं. हातभर अंतरावर.

शटरचा पत्रा किणकिणला... आतून कुणी पाठ टेकावी तसा.

तो वळणार, एवढ्यात समोरचा तळवा ताठ झाला. थांब.

मग तो तळवा हळूहळू खाली दाबला गेला. बस. हलू नको.

आकाराम उकिडवा बसला. नजर त्या हातावर. एक तास गेला, दोन गेले. पायांना मुंग्या आल्या, पण उठायची छाती होईना. मागं पत्रा अधूनमधून किणकिणायचा... दर वेळी थोडा खाली. त्याच्या कानाच्या जवळ.

चार वाजता ज्ञानू काहीतरी न्यायला आला, त्याला खुंटीवरची पिशवी दिसली. शटर खडखडत वर गेलं.

"आक्या! आत कसा ऱ्हायलास लेका?"

आकारामनं समोर पाहिलं. हात नव्हता. मागं ज्ञानूशिवाय कुणी नव्हतं.

त्यानं काम सोडलं ते सोडलंच.

गेल्या आठवड्यात तो कोल्हापुरात माझ्या घरी आला होता. हे सगळं सांगताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला. समोरच्या तांब्यालाही शिवला नाही.

"हात काढ की बाहेर," मी म्हणालो.

"नगो दादा. मोकळं सोडलं की आपसूक बोलाया लागत्यात."

"काय बोलत्यात?"

त्यानं मांड्या हातांवर आणखी घट्ट दाबल्या.

"कुणीतरी इचारतंय... आन् ह्ये सांगत्यात. मी कुठं हाय त्ये."

तो परत गेल्यापासून त्या खोलीत मी एकटा बसलेलो नाही.