तिखट आवाज

दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईच्या गर्दीत, तो मुलगा बायकांच्या बाजूने फिरत होता आणि त्याच्या हातात पाटीएवढा मोबाइल होता. दुर्गेश्वरीने त्याला मघापासून पाहिलं होतं. फिरत फिरत तो नेमका तिच्या पुढ्यात येऊन थांबला, तेव्हा तिने ओढणी सावरली आणि सरळ विचारलं,

"काऊन जी, पोरींचे फोटो काढून राहिले काय?"

त्याने मान वर केली. घाबरला नाही, ओशाळलाही नाही... फक्त थोडा उशिरा बोलला.

"फोटो नाही. आवाज पाहून राहिलो."

"आवाज पायतेत काय कोणी?"

"या ना. दाखवतो."

तो टॅब होता. काचेवर उभ्या पट्ट्यांची रांग होती आणि प्रत्येक पट्टीवर एक खुंटी. मैदानाच्या टोकाला शाळेच्या पोरींचे नाच चालू होते, तिथला साऊंड त्याचा होता. "मशीन तिकडं स्टेजवर आहे," तो म्हणाला, "अन् मी इकडं. लोक जिथं बसून आयकतेत, तिथूनच लावता येते. हा ढोलक, हा पेटीचा माइक, हा गाणारीचा."

"हात लावू?"

"लावा. पण हळू—"

तिने बोट ठेवून ढोलकाची पट्टी खाली ओढली. लांबवर ढोलक एकदम नाहीसा झाला. वाजवणारा आपल्याच ढोलकाकडे वाकून बघू लागला. तिला हसू आवरेना. मुलाने तिचं बोट बाजूला केलं नाही. त्याच्या शेजारी आपलं बोट टेकवलं आणि पट्टी सावकाश वर नेली.

तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून, दंडारीच्या लोकनाट्याच्या मंचावरून, काच खरवडल्यासारखा आवाज आला. बायकांनी कानांवर हात घेतले.

"अरे बाप्पा," तो म्हणाला. "तिकडचा मिक्सर कोण चालवून राहिला? कानात सुई घालून राहिला लोकांच्या."

तिचं हसू विझलं.

"माझे बाबूजी," ती म्हणाली.

तिकडे मिक्सरवर ग्यानीराम बिसेन बसले होते. पावसाळ्यात धानाची शेती आणि बाकीचं वर्ष बिसेन साऊंड सर्व्हिस, असं त्यांचं बरीच वर्षं चाललं होतं. चोरखमाऱ्याच्या आसपासच्या गावांत लग्न असो की सप्ताह, भोंगे त्यांचेच. मग त्यांच्या कानातून बारीक आवाज जाऊ लागले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची घंटी, मग मुलीचं बोलणं. ढोलक, बैलाचं हंबरणं, गडीमाणसाचं बोलणं हे अजून येत होतं. गाणं त्यांना घोंगडीखालून आल्यासारखं वाटे, म्हणून ते तिखट आवाजाचं बटण फिरवत नेत, आणि लोक कान झाकत. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं. दुर्गेश्वरीची आई दुलारी कुकर उतरवायला स्वतः उठत असे, एवढंच.

"त्यांना आयकू कमी येते काय?" मुलाने हलकेच विचारलं.

"तुमाले काय करायचं आहे?" म्हणून ती निघून गेली. जाता जाता स्टेजपाशी त्याच्या साऊंडच्या पेटीवर रंगवलेलं नाव आणि नंबर तिने वाचला. खुमेंद्र कटरे, बिरसी. नंबर तिने पाठ केला. कशासाठी, ते स्वतःलाही विचारलं नाही.

तो नंबर तिने लावला तो माघात, जेव्हा ओळखीच्या एका घराने लग्नासाठी गोंदियाचा साऊंड ठरवला आणि ग्यानीराम दिवसभर रिकामे भोंगे पुसत बसले.

"मंडईत भेटले होते," ती फोनवर म्हणाली. "ढोलक बंद पाडला होता तो मी."

"ओळखलं. तुमच्यावर चिडला होता ढोलकवाला."

"तुमच्या मशीननं... दुसऱ्याच्या मिक्सरचा आवाज नीट करता येते काय?"

"येते. पण ज्याचा मिक्सर आहे त्याले सांगा लागंल."

"नाही सांगायचं," ती म्हणाली.

पुढच्या लग्नापासून खुमेंद्र वायरिंगला मदत करणारा पोरगा म्हणून येऊ लागला. ग्यानीरामांच्या मिक्सरमधून निघालेली वायर आधी त्याच्या काळ्या डब्यात जाई, मग भोंग्यांत. "शॉक लागू नये म्हणून," असं तिने वडिलांना सांगितलं होतं. ग्यानीराम आपल्या खुर्चीत बसून बटणं फिरवत. आणि मांडवात पाहुण्यांच्या मधोमध ही दोघं एका टॅबवर वाकून उभी राहत. तिकडून तिखटपणा चढला की इकडून उतरवायचा.

सुरुवातीला ती एकेक पट्टी त्याला विचारून हलवायची. मग सवय झाली. मग तिला त्या उभं राहण्याचीच सवय झाली.

"आता थोडं खाली घ्या," तो कानाशी म्हणायचा.

"मी आयकून राहिले. तुमीच सारखे सांगत नका जाऊ."

"मी त हळूच सांगतो."

"हळूच सांगता म्हणून त आयकू येत नाही मले काही दुसरं..."

हे बोलून तिने नजर टॅबवर खिळवली. तोही टॅबकडे बघत राहिला. पट्ट्या जागच्या जागी होत्या, हलवण्यासारखं काही नव्हतं, तरी त्याने एक उगाच वर केली आणि परत खाली आणली.

लोक बिसेन साऊंडचं नाव पुन्हा घेऊ लागले. आवाज गोड झाला म्हणाले. ग्यानीराम घरी जेवताना हे सांगत आणि दुलारी ताटात वाढता वाढता मुलीकडे बघत असे.

वैशाखात सडक अर्जुनीला एक लग्न होतं. लग्न दुपारचं, आणि हायवेवरून ट्रक सारखे जात होते. एक काका माइकवर गाणं म्हणत होते. ग्यानीरामांनी तिखट आवाजाचं बटण थोडं वर नेलं आणि समोर पाहिलं. आणखी नेलं, पुन्हा पाहिलं. कानांवर विसंबता येत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. बरेच दिवस ते लोकांचे चेहरे वाचून काम करत होते. त्यांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. एकाही माणसाने कानावर हात नेला नाही. पुढच्या खुर्चीतली म्हातारी निवांत डुलत होती.

ग्यानीरामांनी गर्दीत मुलीला शोधलं. ती मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिचं डोकं त्या वायरिंगवाल्या मुलाच्या खांद्याला जवळजवळ टेकलेलं, दोघांची बोटं एका काचेवर. त्यांना दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या.

त्यांनी हात मांडीवर ठेवले. लग्न लागेपर्यंत बटणाला पुन्हा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गेश्वरी अंगण झाडत होती तेव्हा त्यांनी तिला बाजेपाशी बोलावलं.

"केव्हापासून?"

"माघापासून," ती खाली बघून म्हणाली. "आवाज जास्तच तिखट होऊन राहिला होता, बाबूजी. म्हणून तो डबा—"

"मोठ्यानं बोल."

तिने मोठ्याने सांगितलं. शेजारच्या अंगणातली बाई झाडता झाडता थांबली.

"मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तुमी काम सोडलं असतं."

"सोडलं असतं," ग्यानीराम म्हणाले. "पण मी स्वतः सोडलं असतं. आता मले कोणतरी खेळण्यातली गाडी देऊन बसवलं होतं असं झालं."

ती रडली. त्यांनी तिला रडू दिलं, मग उठून आंघोळीला गेले. त्या दिवसापासून ते मिक्सरवर बसले नाहीत. घेतलेली कामं दुर्गेश्वरीने एकटीने उरकली. खुमेंद्रला तिने फोन करून सांगितलं, आता येऊ नका. तो म्हणाला, डबा तुमच्याकडे राहू द्या, लागंल. तिने फोन बंद केला, आणि मग तो बराच वेळ हातात धरून बसली.

पावसाळा लागला. साऊंडची कामं थांबली, धानाची रोवणी सुरू झाली. खुमेंद्रचा फोन आला नाही; तिनेही केला नाही. चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावताना तिला वाटायचं की बाजूला कोणी उभं राहून हळूच सांगतंय, आता थोडं खाली घ्या. ती मान वळवून बघत नसे.

एका दुपारी पाऊस पडत असताना ती बांधावरून घराकडे आली तेव्हा फाटकाशी त्याची मोटारसायकल होती. खुमेंद्र ओसरीच्या कडेला भिजून उभा होता. बाजेवर ग्यानीराम. टिनाच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग ग्यानीरामांच्या पाया पडला आणि आपल्या खर्जातल्या आवाजात म्हणाला,

"काकाजी, पोळ्यानंतर रायपूरच्या एका कंपनीत काम धरून राहिलो. डबा न्यायला आलो म्हणून घरून सांगून निघालो. पण डब्यासाठी नाही आलो. तुमाले न सांगता जे केलं, ते चुकलं. अन्... दुर्गेश्वरी मले पसंत आहे. तिची मर्जी असंल त आईले पाठवतो मागणी घालायला."

ग्यानीराम पावसाकडे बघत होते. मग मुलीकडे वळले.

"काय म्हणते हा?"

दुकानदाराचं, डॉक्टरचं, सरपंचाचं बोलणं ती त्यांना नेहमी मोठ्याने सांगत आली होती. आत्ता गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन ती अंगणात उभी राहिली.

"डबा मांगते," ती म्हणाली.

"एवढंच?"

खुमेंद्रने तिच्याकडे पाहिलं.

"तो म्हणते का..."

"मोठ्यानं सांग. पाऊस आहे."

"तो म्हणते का, दुर्गेश्वरी त्याले पसंत आहे."

"अन्?"

"अन् तिची मर्जी असंल त आईले पाठवतो."

"मंग, आहे काय मर्जी?"

घरालगतच्या धानाच्या बांधीत रोवणाऱ्या बायका कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या होत्या. दुलारी दारात येऊन उभी होती. दुर्गेश्वरीने श्वास घेतला.

"आहे, बाबूजी."

ग्यानीरामांनी मान हलवली.

"त्याचं मले पहिल्याच वेळी आयकू आलं होतं," ते म्हणाले. "गड्याचा आवाज येते मले. तुझाच येत नाही. म्हणून पुन्हा विचारलं."

ते खुमेंद्रकडे वळले. "रायपूरले हिले नेणार काय?"

"मी नाही जात," तीच म्हणाली, पुन्हा तेवढ्याच मोठ्याने. "बिसेन साऊंड मी चालवते. लगीनसराईच्या कामाचं लोकं आत्तापासून विचारून राहिलेत."

खुमेंद्रने थोडा विचार केला. "पावसाळ्यात इकडं तसंही काम नसते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत रायपूर. मंग वापस."

"दरवर्षी?" तिने विचारलं.

"दरवर्षी."

"तितके दिवस मी फोन करन अन् तुमी कामात असाल," ती म्हणाली. पण रागाने नाही.

"आधी पाय धू," दुलारी दारातून म्हणाली. "घरभर चिखल करशील. मंग चहा ठेव साऱ्यांसाठी."

ती हातपंपाकडे गेली. खुमेंद्र मागोमाग आला आणि न सांगता दांडा मारू लागला. पाऊस आता झिमझिम उरला होता. तिने पोटऱ्यांवरचा चिखल धुतला, मग हात, मग उगाच पुन्हा पाय.

"बाबूजीले सांगितलं," तो म्हणाला. "आता मलेबी एकदा सांगा ना."

"आयकलं त तुमी. साऱ्या गावानं आयकलं."

"ते त्यांच्यासाठी होतं. मले हळू सांगितलं तरी चालंल."

तिने ओसरीकडे पाहिलं. वडील बाजेवर आडवे झाले होते, आई आत गेली होती. ती त्याच्या जवळ सरकली आणि काहीतरी म्हणाली. दांडा मारायचा थांबून तो ते ऐकत राहिला.